सायकलमार्ग आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील निर्णा व आसपासच्या गावांना सायकल हे वाहन नवे नाही. कर्नाटक शासनाने २००६-०७ साली आठवीतील विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली आणि त्यानंतरची अनेक वर्षे कित्येक मुलामुलींनी शाळेची वाट सायकलीवरूनच चालविली. मात्र गावच्या रस्त्यावर पायी चालणारा, सायकलस्वार, बैलगाडी आणि मोटार या सर्वांची वाट एकच असते. शहरात सायकलींसाठी निराळा मार्ग असतो, ही गोष्ट शिक्षणासाठी वा कामधंद्यासाठी पुण्यास गेलेल्या तरुणाला काही दिवसांनी उमगते. परंतु त्याच्याकडे चार दिवस राहावयास गेलेल्या आईवडिलांना ती कोणी सांगत नाही. मोटारींपासून अलग असलेला तो गुळगुळीत पट्टा त्यांना चालण्यासाठीच केलेला वाटतो.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. स्वयंचलित दुचाकींची संख्या वाढत गेली तशी सायकल मागे पडली. तिला पुन्हा रस्त्यावर जागा मिळावी असे प्रयत्न तेथे बरेच झाले. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर जलद बससेवेचा प्रायोगिक मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यालगत पदपथ व सायकलमार्गही बांधण्यात आले. पुढे जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेत सायकलींचा विचार झाला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा मंजूर होणे आणि मार्ग वापरण्याजोगा असणे यांत मात्र अंतर राहते. सायकलमार्ग सलग नसतो. मध्येच एखादे झाड, विजेचा खांब किंवा बसथांबा येतो, कोठे दुचाकी उभ्या केलेल्या असतात. पदपथावर हातगाड्या व दुकानांचे फलक आले की चालणारा माणूस सायकलमार्गावर उतरतो. सायकलमार्ग अडला की सायकलस्वार पदपथावर चढतो. टक्कर येथेच होते. ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून अशा अपघाताची बोळवण केली जाते, ती न्याय्य नाही. बेशिस्त असतेच, परंतु ज्याला चालावयास जागा उरली नाही तो जागा असेल तेथून चालणार, हे रस्ता बांधणाऱ्याने आधीच गृहीत धरावयास हवे.

सायकलीच्या धडकेने एवढे काय होणार, असाही एक समज आहे. पायी चालणारा ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने जातो. सायकलस्वार सहजपणे १५, आणि उतारावर २५ किलोमीटरच्या वेगाने जातो. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात ४ मीटरांहून अधिक पुढे जाते. समोरचा माणूस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एवढा वेळ लागतो. त्यानंतर सायकल थांबेपर्यंतचे अंतर धरले, तर कोरड्या रस्त्यावर व चांगल्या ब्रेकने एकूण सुमारे ७ मीटर लागतात. ताशी २५ किलोमीटर वेगाला हेच अंतर सुमारे १५ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त होते. रस्ता ओला असेल, ब्रेकचे रबर झिजलेले असेल, तर विचारावयासच नको. शिवाय सायकल आवाज करीत नाही. मोटार ऐकून बाजूस होण्याची ज्याच्या कानाला सवय, त्याला पाठीमागून येणाऱ्या सायकलीचा सुगावा लागत नाही. वृद्ध माणूस अशा धक्क्याने कुशीवर पडला तर खुब्याचे हाड मोडण्याचा संभव असतो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोन् महिन्यांचे परावलंबित्व होय.

सर्वांत धोक्याची जागा बसथांबा. बसमधून उतरणाऱ्याचे लक्ष पायरीकडे, हातातील पिशवीकडे किंवा बरोबरच्या मुलाकडे असते. आणि उतरताच त्याचे पहिले पाऊल सायकलमार्गावर पडते. डेन्मार्कमध्ये या प्रश्नाचा निर्णय नियमानेच केलेला आहे. थांब्यावर उतारूंसाठी वेगळा ओटा नसेल, तर बस थांबली असता सायकलस्वाराने थांबून उतारूंना आधी जाऊ द्यावयाचे असते. ओटा असेल तर सायकलमार्ग त्याच्या मागून जातो आणि उतारू ओट्यावर उभे राहून, दोन्ही बाजू पाहून, मार्ग ओलांडतात. कोपनहेगन शहरात सायकलमार्ग मोटारींच्या रस्त्याहून थोडा उंच आणि पदपथाहून थोडा खाली असतो. रंगाचा पट्टा डोळ्यांना दिसावा लागतो. उंचीतील फरक मात्र पायालाही कळतो, आणि अंध व्यक्तीच्या काठीलाही.

आपल्याकडे मोजमापांचा अभाव आहे असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकलमार्गाची किमान रुंदी २ मीटर असावी अशी शिफारस केली होती. त्याच संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची जागा अडथळ्याविना मोकळी असावयास हवी. या दोन्ही रुंदी एकमेकींच्या शेजारी खरोखरच मोकळ्या राहिल्या, तर चालणाऱ्यास सायकलमार्गावर उतरण्याचे कारणच फारसे उरणार नाही.

अपघात झाल्यावर जखमी माणसाचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत, आणि रात्री दिव्याविना सायकल चालविणाऱ्यास पोलीस अडवीत. बिल्ला गेला, जबाबदारी मात्र गेलेली नाही. हयगयीने वाहन चालवून दुसऱ्याच्या जीवितास धोका निर्माण करणे हा १८६० च्या दंडसंहितेच्या कलम २७९ अन्वये गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये तो कायम आहे, आणि त्यातील ‘वाहन’ या शब्दात सायकलही येते. भरपाईची वाट मात्र अवघड आहे. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिचा विमा सक्तीचा नाही आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही जाता येत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावणे एवढेच उरते. २५० वॅटहून कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरहून अधिक न धावणारी विजेवरील सायकलही नोंदणीतून मुक्त आहे. ती साध्या सायकलीहून जड आणि तितकीच निःशब्द असते.

जपानमध्ये मोटारींच्या भीतीने सायकली पदपथावर आल्या आणि पादचाऱ्यांशी टकरी होऊ लागल्या. तेथील कोबे शहरात २००८ साली रात्रीच्या वेळी उतारावरून आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या सायकलीची धडक बसून एक वृद्ध स्त्री कायमची अंथरुणास खिळली. मुलास नीट शिकवण दिली नाही या कारणास्तव न्यायालयाने २०१३ साली त्याच्या आईस सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला. कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगो प्रांताने २०१५ साली सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला, आणि इतर प्रांतांनीही पुढे तसेच नियम केले.