फट पुढे, काम मागे

"ससा म्हण बघू," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझी आठ वर्षांची लेक 'ससा' म्हणाली आणि जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांमधून बाहेर डोकावलं. दाढा घट्ट मिटलेल्या, तरी समोर पाच मिलिमीटरची फट. मॅडमच्या भाषेत ओपन बाइट. पोळीचा रोल ती दाढेत धरायची आणि मान हिसडून तोडायची. मला ते नखरे वाटत. दोन-तीनदा रागावलेही होते.

अंगठा चोखण्याची सवय होती, हे कबूल. पण सासूबाईंनी कडुलिंबाचा रस लावून लावून ती दोन वर्षांपूर्वीच सोडवली होती. मग फट का राहिली? मॅडमनी तिला घोटभर पाणी दिलं आणि गिळताना तिचे ओठ हलकेच बाजूला केले. जीभ पुढे येऊन फटीत बुचासारखी बसली. अंगठ्याची रिकामी जागा जिभेने पटकावली होती! गिळणं क्षणाचं असतं, त्याचं एवढं नाही. पण एरवीही जीभ तिथेच लोळत असली, तर तासन्‌तासांचा तो हलका दाब दातांना पुरेसं खाली येऊ देत नाही.

आधी दाढांच्या मध्ये निळ्या रबरी चकत्या अडकवल्या, कड्यांना जागा व्हावी म्हणून. "आई, चिंचोका अडकलाय असं वाटतंय गं." आठवड्याने वरच्या दोन दाढांवर स्टीलच्या कड्या सिमेंटने बसल्या. त्यांना जोडलेली तार टाळूवरून पुढे आली आणि पटाशीच्या दातांमागे तिचं इवलंसं कुंपण झालं. ते दात ओढत नाही, नुसतं जिभेला अडवतं. पहिले चार दिवस लाळ, बोबडे बोल आणि मऊ वरणभात.

शेजारच्या खुर्चीवर चाळिशीच्या एक ताई असत. शिवणकाम करायच्या. "दातांनी धागा तुटत नाही हो माझ्या, सगळ्याला कात्री." हाडांची वाढ संपलेली, त्यात मागच्या दाढा जरा जास्तच खाली उतरलेल्या, नुसत्या कुंपणाने भागणार नव्हतं. मॅडमनी अडकित्त्याची आठवण काढली: खिळ्याजवळ सुपारीची कपची अडकली, तरी मुठी केवढ्या फाकलेल्या राहतात! म्हणून दाढाच वर हाडात सरकवायच्या. मागे एक मिलिमीटर, तर पुढे दोन-तीन मिलिमीटर फट मिटते. त्यासाठी भूल देऊन हिरडीतून हाडात पेन्सिलीच्या शिशाएवढे जाड स्क्रू फिरवले, हातानेच. तिथून रबरी साखळी दाढेला. एक स्क्रू महिन्याभरात ढिला झाला, तो काढून शेजारी दुसरा बसवला. जबडाच फार उभट वाढलेला असता तर शस्त्रक्रियेची वेळ आली असती.

सात महिन्यांत लेकीची फट मिटली, तरी कुंपण अजून आहे. जीभ लबाड असते. लगेच काढलं तर पुन्हा पुढे येईल, असं मॅडमचं म्हणणं. ताईंनाही तारा निघाल्यावर रात्री रिटेनर घालावा लागणार आहे. हे ऐकून त्यांचा चेहरा पडला होता.

मागच्या खेपेला मात्र त्या खुशीत होत्या. बसल्या बसल्या बाहीचा सुटलेला दोरा पटाशीच्या दातांत धरला आणि टक्‌कन तोडला.

"अहो ताई," आतून मॅडम ओरडल्या, "दातांना खाच पडेल! कात्री कुठाय तुमची?"