दीर्घ उड्डाणाचा जमाखर्च

अलास्कात जन्मलेल्या, जेमतेम पाच महिने वयाच्या एका पट्टेरी शेपटीच्या गॉडविट पक्ष्याने 2022 च्या ऑक्टोबरात, वाटेत कोठेही न थांबता, अकरा दिवसांत सुमारे 13,560 किलोमीटर अंतर तोडून टास्मानिया गाठले. चिखलवटीत चोच खुपसून पोट भरणाऱ्या या पक्ष्याला महासागरावर ना अन्न मिळते, ना विसावा; निघताना गाठीला असेल तेवढ्याच भांडवलावर त्याला सारा पल्ला पार करावा लागतो. म्हणून प्रस्थानापूर्वी तो इतकी चरबी साठवतो की देहाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग तिनेच व्यापलेला असतो, आणि ज्यांचे हवेत फारसे काम नाही ती पेषणी, यकृत, मूत्रपिंडे व आतडी आक्रसून लहान होतात. देहाच्याच खर्चात केलेली ही काटछाट मला त्या अंतराहूनही विस्मयकारक वाटते.

याच हिशेबाचे मानवी रूप 2003 च्या ऑगस्टात दिसले. मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनी, दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले, पाच किलोहून किंचित हलके नमुना-विमान न्यूफाउंडलंडहून निघून 38 तास 52 मिनिटांत आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले; आणि निघताना त्याच्याही वजनाचा जवळपास निम्मा हिस्सा इंधनाचाच होता. ज्याला सारी रसद बरोबर वाहावी लागते, त्या पक्ष्याची आणि यंत्राची मांडणी अशी एकाच प्रमाणाशी येऊन ठेपावी, हे मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते.

परंतु रसद न वाहता वाटेतच वसूल करणारे प्रवासीही आहेत. पंख न हलविता पक्षी काही काळ मार्गक्रमण करीत असेल, तर त्याचा मार्ग क्षितिजसमांतर नसावा, किंवा वारा क्षितिजसमांतर नसावा, अथवा वारा सर्वत्र एकसारखा नसावा, असा निर्वाळा लॉर्ड रॅले यांनी 1883 मध्ये दिला. भटका अल्बाट्रॉस तिसऱ्या शक्यतेवर जगतो. लाटांलगत घर्षणाने मंदावलेला वारा काही मीटर वर गेल्यावर वेगवान होतो; पक्षी वाऱ्याला सामोरा होऊन चढतो, वर वळतो, वाऱ्याबरोबर खाली झेपावतो, आणि दोन थरांतील तफावतीतून प्रत्येक फेऱ्यात गती कमावतो. साडेतीन मीटरपर्यंत विस्तारणारे त्याचे पंख खांद्यातील कंडरेच्या आधाराने उघडे राहतात, त्यामुळे उडताना त्याच्या हृदयाचे ठोके विश्रांतीतल्यापेक्षा फारसे वाढत नाहीत. वारा पडला की मात्र तो पाण्यावर बसून राहतो. फ्रिगेट पक्षी दुसऱ्या शक्यतेचा, म्हणजे ढगांखालील ऊर्ध्वगामी हवेचा आश्रय घेऊन आठवडेच्या आठवडे अधांतरी राहतो. आपल्या लोणावळ्याच्या परिसरात शरदात दिसणारा इवलासा अमूर ससाणा पाठीशी असलेल्या वाऱ्याचा लाभ घेत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो.

वाटेतच वसुली करणारी यंत्रेही आता आहेत. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या, पंचवीस मीटर पंखविस्ताराच्या 'झेफिर' या मानवरहित विमानाने 2022 मध्ये 64 दिवस आकाशात काढले. दिवसा मिळवलेली ऊर्जा विद्युत्घटांत साठवून रात्र निभावणे, हाच त्याचा सारा कारभार. कॅलिफोर्नियात केलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका छोट्या ग्लायडरने ऊर्ध्वगामी हवेचे झोत शोधण्याचे ज्ञान स्वतःच्या अनुभवातून मिळवले, ही मला झेफिरच्या विक्रमापेक्षाही मोठी घटना वाटते. अल्बाट्रॉसची कला मात्र अधिक कठीण आहे, कारण तिथे कमाईची जागा लाटांच्या अगदी माथ्याजवळ असते, आणि अंदाज हातभर चुकला तरी पंखाचे टोक पाण्यात बुडते.