सोन्याच्या थराची कसोटी

अवकाशातील उपकरणावरचा मुलामा हे केवळ संरक्षक आवरण असते असा समज रूढ असला, तरी कण आणि किरण टिपणाऱ्या उपकरणांत तो मापनाचाच भाग असतो. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील ‘सारा’ या उपकरणात चंद्रावरून येणारे विद्युतभाररहित अणू एका खास पृष्ठभागावर आदळून भारित होत आणि मगच मोजले जात. सौर वाऱ्यातील प्रोटॉनांपैकी सुमारे २० टक्के हायड्रोजन अणूंच्या रूपात चंद्रावरून परततात, हा शोध त्या पृष्ठभागाशिवाय लागलाच नसता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रहातून गेलेली मृदू क्ष-किरण दुर्बीण हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. आरशावर सरळ पडलेले क्ष-किरण आत शिरून शोषले जातात, परंतु पृष्ठभागाला जवळजवळ समांतर आले तर ते परावर्तित होतात. नवेगावबांधच्या तलावात वरून टाकलेला चपटा दगड बुडतो आणि पाण्यालगत तिरका भिरकावलेला टप्पे घेत जातो, तसे हे दिसते. साम्य मात्र तेवढ्यापुरतेच, कारण येथे खरे कारण धातूतील इलेक्ट्रॉनांची दाटी हे आहे. ही दाटी जितकी अधिक, तितका परावर्तनाचा मर्यादाकोन मोठा. म्हणून जड आणि न गंजणारे सोने निवडले जाते, तरीही ८ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांसाठी हा कोन जेमतेम अर्धा अंश भरतो. एवढ्या चिंचोळ्या कोनात एक आरसा फारच थोडे किरण पकडू शकत असल्याने या दुर्बिणीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोने चढवलेले ३२० आरसे एकात एक बसवलेले आहेत.

अशा थराचा खडबडीतपणा नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पातळीवर ठेवावा लागतो. तो तपासण्यासाठी ज्ञात ऊर्जेचे क्ष-किरण आरशावर टाकून कोन हळूहळू वाढवतात आणि परावर्तन किती व कसे घटते यावरून थराची घनता, जाडी आणि गुळगुळीतपणा काढतात.

चांगला आरसा नको ते पाहुणेही आत घेतो. १९९९ मध्ये चंद्रा या अमेरिकी दुर्बिणीच्या इरिडियम चढवलेल्या आरशांनी पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतील कमी ऊर्जेचे प्रोटॉनही थेट संवेदकावर पोहोचवले आणि त्याची हानी झाली. तेव्हापासून त्या पट्ट्यांतून जाताना संवेदक केंद्राबाहेर हलवला जातो. विषुववृत्ताजवळून, सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ॲस्ट्रोसॅटला हा त्रास तुलनेने कमी.

सोन्याची स्वतःची खोडही आहे: सुमारे २,२०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी ते क्ष-किरण एकाएकी अधिक शोषू लागते, आणि त्यामुळे वर्णपटात उमटणारी ही खूण दूरच्या ताऱ्याची न मानता आरशाची म्हणून आधी हिशेबात धरावी लागते.