दूरच्या सफरीचा टायर

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे वाळवंटे, पर्वत आणि परके मुलूख ओलांडीत १९२८ च्या मार्चमध्ये स्वगृही परतले, तेव्हा त्यांच्या खाती सुमारे ७१,००० किलोमीटरांची मजल जमा झाली होती. आणि ज्या हवेच्या टायरवर ती साधली, त्याची सनद बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने घेतल्याला अवघी चाळीस वर्षे झाली होती. त्याही आधी, १८८४ ते १८८६ या काळात, थॉमस स्टीव्हन्स याने उंच चाकाच्या सायकलीवर, भरीव रबराच्या टायरांनिशी अशीच प्रदक्षिणा केली होती. त्याला पंक्चरचे भय नव्हते. पण रस्त्यातील प्रत्येक दगडाचा धक्का त्याच्या हाडांनी सोसला असला पाहिजे.

टायरचे सामर्थ्य वस्तुतः वरच्या रबरापेक्षा आतील सुतांच्या थरांत असते. ती सुते बारीक व मऊ असली, तर टायर रस्त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे लवतो आणि स्वाराचे श्रम वाया जात नाहीत. ती भरड ठेवून वर संरक्षक थर चढविला, तर काटे व काचा यांपासून बचाव होतो, परंतु चाल जड होते. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा ‘मॅरेथॉन प्लस’ या दुसऱ्या पंथातला; त्यात ५ मिलिमीटर जाडीचा लवचीक थर असतो. बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या देशावरच्या वाटांसाठी मी निःशंकपणे यालाच कौल देईन. डांबरी रस्त्याने रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्याला मात्र मऊ विणीचा टायर अधिक सुख देईल.

अरुंद टायर तेवढाच वेगवान, हा समज फार जुना आणि चुकीचा आहे. हवेचा दाब सारखाच असता रुंद टायर जमिनीला आखूड पट्ट्यात टेकतो, त्याची भिंत कमी दबते, म्हणून घर्षणात जाणारी शक्तीही घटते. शिवाय खडबडीत वाटेवर दाब थोडा उतरविण्याची मुभा त्यातच मिळते. सामानाने लादलेल्या सायकलीला ४० मिलिमीटरांहून कमी रुंदीचा टायर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त रिम, फोर्क व मडगार्ड यांत त्याला जागा आहे याची खातरजमा आधी करावी.

मापाच्या बाबतीत मात्र इंचांवर विश्वासून राहण्यात धोका आहे. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत रिमवर बसण्याचा व्यास कुठे ५५९ तर कुठे ५९० मिलिमीटर भरतो. आपल्याकडील २८ इंची काळ्या सायकलीचा टायर ६३५ चा, आणि हल्लीच्या ‘७००’ सायकलीचा ६२२ चा, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात टायरांची चळत असूनही प्रवासी अडकून पडू शकतो. टायरच्या भिंतीवर छापलेला हा तीन अंकी आकडा टिपून घ्यावा आणि, तारेऐवजी धाग्याची कड असलेला, घडी होणारा एक जादा टायर सामानात ठेवावा. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने तिथला टायर आधी झिजतो. तो बाद झाला की पुढचा मागे न्यावा आणि नवा पुढे चढवावा, कारण उतारावर पुढचा फुटला तर सायकल सावरणे फार कठीण जाते.