रिमेक कधी तगतो, कधी आपटतो?

आजचा प्रश्न सरळ आहे. मराठीत धो धो चाललेला सिनेमा शेजारच्या कन्नडमध्ये गेला की कधी तो मजेत नांदतो आणि कधी त्याचा जीव जातो, असं का? मी बेंगळुरूत जे. पी. नगरला राहते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरात जेवणाच्या टेबलावरचा आहे. मतं माझी आहेत. तुमची वेगळी असतील तर आनंदच आहे.

आधी नांदलेल्याचं बोलू. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 साली आला. त्याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, म्हणजे तो स्वतःच हिंदीतून आलेला पाहुणा. पुढे तो तेलुगूत गेला आणि 2003 मध्ये ‘ओळू सार बरी ओळू’ नावाने कन्नडमध्येही आला. ही गोष्ट कुठेही रुजते, कारण तिचं मूळ आहे भाड्याच्या खोलीत. एकट्या पोरांना खोली कोण देणार? जे. पी. नगरच्या कुठल्याही फेजमध्ये ‘टू लेट’च्या पाटीखालचा नंबर फिरवून बघा, पहिला प्रश्न तोच येईल: फॅमिली आहे का? घरमालक सगळ्या भाषांत सारखाच बोलतो.

‘नवरा माझा नवसाचा’ही सचिन पिळगावकरांनी स्वतः कन्नडमध्ये नेला. 2007 चा ‘एकदंत’, नायक विष्णुवर्धन. पण मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी ही नुसती बस नाही. तिच्यातला कंडक्टर, लाल डबा, घाट, सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी, हे सगळं आपल्या अंगावरून गेलेलं असतं. नवस दोन्हीकडे असतो, एसटी मात्र इथेच राहते. म्हणून माझ्या मते हा अर्धा प्रवास.

आता ‘सैराट’. 29 एप्रिल 2016 ला आला आणि शंभर कोटींचा आकडा मराठीला पहिल्यांदा दाखवला. पुढच्याच वर्षी कन्नडमध्ये एस. नारायण यांचा ‘मनसु मल्लिगे’ आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. संगीत अजय-अतुल यांचंच. पंजाबी, ओडिया, बंगालीही झाले आणि 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’. सैराटची ती लाट मात्र एकाच्याही वाट्याला आली नाही.

लोक म्हणतात, नागराज मंजुळे नव्हते म्हणून. ते आहेच, पण कारण पटकथेतही सापडतं. आर्ची आणि परश्या करमाळ्याकडची बोली बोलतात. त्या बोलीत पोरगी पाटलाची आहे की परश्यासारख्या घरातली, हे दोन वाक्यांत कळतं. नंतर दोघं पळून जातात ती हैदराबादला, जिथली भाषा त्यांना येत नाही. गावात जिचा शब्द खाली पडत नव्हता, ती आर्ची तिथे मुकी होते आणि हळूहळू तेलुगू शिकून उभी राहते. म्हणजे उत्तरार्धाचा कणा भाषा हाच आहे. ‘धडक’मध्ये जोडी उदयपूरहून कोलकात्याला जाते. शहर बदललं, पण जातीची धार बोथट झाली आणि श्रीमंत घर, राजकारणी बाप एवढंच उरलं. चाली तशाच होत्या, पण त्या चालीखालची जमीन काढून घेतली होती.

मग रिमेक इतके का होतात? कन्नडपुरतं एक कारण फारसं बोललं जात नाही. 1960 च्या दशकात तिथे डबिंगविरोधी चळवळ झाली. डॉ. राजकुमार तिच्या पुढे होते. कन्नड चित्रसृष्टी तेव्हा लहान होती, तमिळ-तेलुगू सिनेमे आवाज बदलून आले तर आपली चूल विझेल ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. कायदा असा कुठलाच झाला नाही. धाकानेच काम भागलं आणि ते अर्धशतक टिकलं. डब करायचं नाही, मग गोष्ट आणायची कशी? पुन्हा शूट करून! 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हा बहिष्कार बेकायदा ठरवला आणि 2017 पासून डब केलेले सिनेमे पुन्हा पडद्यावर येऊ लागले.

मराठीत अशी बंदी लागलीच नाही. गरजच नव्हती, आपल्याला हिंदी कळतं ना! परिणाम बघा. ‘बाहुबली’त प्रभासचा हिंदी आवाज शरद केळकरांचा, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनचा श्रेयस तळपदेंचा. गळे मराठी, भाषा हिंदी. मला याचा अभिमानही वाटतो आणि थोडा रागही येतो.

डबिंग हे खरं तर ओठांचं कोडं आहे. क्लोजअपमध्ये प, ब, म आले की ओठ मिटतात, तिथे तुम्हालाही तसंच अक्षर शोधावं लागतं. त्यात कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतो, मराठी शब्द बऱ्याचदा व्यंजनावर. आपण म्हणतो घर, नाव, काम. ते म्हणतात मने, हेसरु, केलस. ‘काम’ म्हटलं की तोंड बंद, ‘केलस’ म्हटलं की उघडं. म्हणून डब केलेलं पात्र वाक्य संपवून उगाच आ वासून उभं दिसतं. नट वाईट नसतो, व्याकरण नडतं.

आता माझं लाडकं गाऱ्हाणं. ‘कांतारा’ कन्नडमध्ये 30 सप्टेंबर 2022 ला आला, हिंदीत 14 ऑक्टोबरला. इथली कितीतरी मराठी घरं बेंगळुरूत राहूनसुद्धा तो हिंदीत बघून मोकळी झाली. त्या सिनेमातली कन्नड कुंदापूरकडची, किनाऱ्याची आहे. इथल्या शहरी कन्नड कानालाही ती वेगळी लागते. हिंदीत सगळेच एका छापाचं बोलू लागले. माझं मत विचाराल तर तो मालवणीत करायला हवा होता. गावाचा राखणदार, अंगात येणं, देवासमोर घातलेलं गाऱ्हाणं, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धंद्याला ते परवडणार नाही, हे मला कळतं. तोवर कन्नडमध्ये, सबटायटल लावून बघा. विशेषतः तुमची मुलं इथल्या शाळेत कन्नड शिकत असतील तर त्यांच्या शेजारी बसून बघा, ती तुमच्या चुका काढतील.

आणि तिसरी वाट माझ्या घराजवळच आहे. शंकर नाग होन्नावर तालुक्यातले, घरी कोंकणी. मुंबईत मराठी नाटकांत वाढले, ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. कर्नाटकात परतल्यावर त्यांनी जयवंत दळवींची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ कन्नड रंगमंचावर आणली. मुलं दूर गेलेले म्हातारे आई-बाप कन्नडमध्ये बोलले आणि कुणाला ते परके वाटले नाहीत. नाटकात ओठ जुळवायचे नसतात. नट त्याच भाषेत श्वास घेतो, वाक्य त्याच्या मापाचं शिवता येतं. 1990 मध्ये अपघातात शंकर गेले, आणि मुंबईच्या मराठी-गुजराती रंगभूमीवर घडलेल्या अरुंधती नाग यांनी 2004 मध्ये जे. पी. नगरला ‘रंगशंकरा’ उभं केलं. तिथे कन्नडबरोबर इतर भाषांतली नाटकंही होतात, तेव्हा वेळापत्रकावर नजर ठेवा. आणि जाणार असाल तर लवकर निघा, कारण प्रयोग सुरू झाला की दार बंद, मग तुम्ही कुणीही असा. खालच्या कॅफेतला साबुदाणा वडा आधीच खाऊन घ्या.