एका लघुग्रहाचे नाव : शब्द, वाक्य आणि संबोधन

१. प्रास्ताविक

विशेषनामाला अर्थ नसतो, ते केवळ निर्देश करते, असे आपण व्याकरणात शिकतो. ‘गंगा’ नावाची मुलगी नदी नसते आणि ‘भीमराव’ नावाचे गृहस्थ बलदंड असतीलच असे नाही. हा सिद्धान्त स्थूलमानाने खरा आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास नाव ठेवण्याच्या कृतीमागील भाषिक व्यवहार आपल्या नजरेतून निसटतो. तो व्यवहार समजून घेण्यासाठी या लेखात आपण जरा दूरचे उदाहरण घेणार आहोत. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असलेल्या मुख्य लघुग्रह पट्ट्यातील एका लहानशा लघुग्रहाचे हे उदाहरण आहे. त्याचे नाव ‘दिंकिनेश’.

२. नावाआधीची ओळख

हा लघुग्रह १९९९ साली नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथून चालणाऱ्या ‘लिनिअर’ या आकाशनिरीक्षण प्रकल्पाला आढळला. तेव्हा त्याला ‘१९९९ व्हीडी५७’ ही तात्पुरती संज्ञा मिळाली. वरवर निरर्थक भासणाऱ्या या संज्ञेलाही व्याकरण आहे, हे लक्षात घ्या. पहिला घटक शोधाचे वर्ष सांगतो. त्यानंतरचे अक्षर पंधरवडा सांगते. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यापुढील अक्षर आणि आकडा मिळून त्या पंधरवड्यातील अनुक्रम ठरतो. ‘आय’ वगळून रोमन लिपीतील २५ अक्षरे वापरली जातात आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. ५७ फेऱ्या पूर्ण झाल्यानंतरचे चौथे अक्षर ‘डी’, म्हणजे हा १४२९वा अनुक्रम होय.

पुढे कक्षा पुरेशा अचूकतेने निश्चित झाली की लघुग्रहाला कायम क्रमांक मिळतो. याचा क्रमांक १५२८३०. या दोन्ही ओळखी नेमक्या आहेत, संदिग्धतेला त्यांत वाव नाही. तरीही त्यांना आपण नाव म्हणत नाही. क्रमांक वस्तू ओळखून देतो. नाव त्या वस्तूला एखाद्या समाजाच्या भाषेशी आणि स्मृतीशी जोडते.

३. नाव कोठून आले?

लघुग्रहांचा अभ्यास करण्यासाठी ‘ल्यूसी’ हे अंतराळयान १६ ऑक्टोबर २०२१ रोजी सोडण्यात आले. यानाचे नाव एका जीवाश्मावरून ठेवले आहे. १९७४ साली इथिओपियातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश मादीचे अवशेष सापडले. त्या वेळी संशोधकांच्या तळावर बीटल्स या गायकवृंदाचे एक गाणे वाजत असे. त्या गाण्यातील ‘ल्यूसी’ हे नाव तिला मिळाले आणि जगभर रूढ झाले. मात्र ज्या भूमीत ती सापडली, त्या इथिओपियात तिला अम्हारिक भाषेत ‘दिंकिनेश’ म्हणतात. यान ज्या लहान लघुग्रहाजवळून प्रथम जाणार होते, त्याला २०२३ मध्ये हेच नाव अधिकृतपणे मिळाले.

पाहुण्यांनी ठेवलेले नाव जगाच्या तोंडी आणि घरच्यांनी ठेवलेले नाव घरापुरते, अशी ही स्थिती होती. आकाशाच्या नोंदवहीत घरचे नाव आले, हे या नामकरणाचे महत्त्व.

४. नाव की वाक्य?

आता नावाची फोड करू. ‘दिंक’ म्हणजे अद्भुत, विलक्षण. ‘नेश’ म्हणजे ‘तू आहेस’. म्हणजे हे नाव मुळात एक संपूर्ण वाक्य आहे : ‘तू अद्भुत आहेस.’ लघुग्रहाचे नाव शक्यतो एका शब्दाचे असावे आणि १६ अक्षरचिन्हांपेक्षा मोठे नसावे, असा संकेत आहे. या नावात वाक्यच एका शब्दात मावले आहे. आपल्याला यात नवल वाटू नये. मराठी घरांतून आढळणारे ‘सोहम’ हे नाव ‘सः अहम्’, म्हणजे ‘तो मी आहे’, या संस्कृत वाक्याचेच संधिरूप आहे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्या. अम्हारिकमधील ‘नेश’ हे रूप केवळ स्त्रीला उद्देशून वापरतात. पुरुषाला उद्देशून ‘नेह’ असे वेगळे रूप आहे. मराठीत ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांत लिंगभेद दिसतो, पण ‘आहेस’ या रूपात तो दिसत नाही. त्यात ‘अद्भुत’ हे विशेषणही अविकारी. परिणामी ‘तू अद्भुत आहेस’ या भाषांतरात पुरुष आणि वचन टिकते, पण लिंग हरवते. ते परत आणायचे तर मराठीची स्वतःची सोय वापरावी लागते : ‘अगं, तू अद्भुत आहेस!’ ‘अगं’ हे एक संबोधन मूळ प्रत्ययाचे काम करून जाते. एका भाषेत जे क्रियारूप सांगते, ते दुसरीत संबोधन सांगू शकते.

५. नावाला मिळालेली जोड

१ नोव्हेंबर २०२३ रोजी यान दिंकिनेशपासून सुमारे ४३० किलोमीटर अंतरावरून गेले. जेमतेम ७२० मीटर व्यासाचा हा दगडी गोळा सुमारे सव्वातीन वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. छायाचित्रांत त्याच्याभोवती फिरणारा एक उपग्रह दिसला. आणखी छायाचित्रे हाती आल्यावर तो उपग्रहही एकसंध नसून एकमेकांना टेकलेल्या दोन खंडांचा असल्याचे कळले. अशा जोडखंडांचा उपग्रह त्यापूर्वी कोठेही आढळला नव्हता.

या उपग्रहाला ‘सेलाम’, म्हणजे ‘शांती’, हे नाव देण्यात आले. अरबीतून आलेला आपला ‘सलाम’ याच सेमिटिक धातुकुळातील आहे. सेलाम हे इथिओपियातीलच दिकिका येथे सापडलेल्या एका बालिकेच्या जीवाश्माचे नाव. तिला ‘ल्यूसीचे बाळ’ असे लाडाने म्हटले जाते. प्रत्यक्षात ती ल्यूसीपेक्षा सुमारे एक लाख वर्षांनी जुनी आहे. टोपणनाव नाते सुचवते, ते सिद्ध करत नाही, याचा हा चांगला दाखला.

६. समारोप

विशेषनाम निर्देश करते, हा सिद्धान्त दिंकिनेशने मोडलेला नाही. नाव उच्चारताना आपण त्या दगडाची स्तुती करत नाही. परंतु ते नाव कोणत्या भाषेतून घेतले आणि कोणाला उद्देशून ते प्रथम उच्चारले गेले, हे प्रश्न निर्देशापलीकडचे आहेत. आपल्या गावाची, वाडीची, शेताची नावे पाहतानाही हे प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. क्रमांक आणि नाव यांतील भेद ‘दिंकिनेश’च्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तू शहाणी आहेस’ या वाक्यांत लिंग कोठे व्यक्त होते व कोठे होत नाही, ते सांगा.

३. आपल्या परिसरातील एका ठिकाणाचे कागदोपत्री नाव आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव वेगळे असल्यास, दोन्हींची नोंद करून त्यांची भाषिक चर्चा करा.