वाटेवरचे साडेचार तास

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. तथापि भामरागडपासून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय आजही सुमारे १७५ किलोमीटर दूर आहे. ताशी चाळीसच्या गतीने ही साडेचार तासांची वाट होते. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलाने तर कित्येक पावसाळ्यांत तीही बंद पाडली.

२०१४ साली राज्यात '१०८'ची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असावा असे ठरले, हे निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु लाख-सव्वा लाख लोकांमागे एक गाडी हा हिशेब सरासरीचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहत होती, तर राज्यात ३६५. केवळ डोकी मोजून गाड्या वाटल्या, तर येथील गाडीच्या वाट्याला जवळजवळ पाचपट मुलूख येतो. शिवाय दिवसाकाठच्या फेऱ्या मोजणाऱ्या हिशेबनिसाला ही गाडी आळशीच वाटणार! एक रुग्ण गडचिरोलीला पोचवून ती परत येईपर्यंत नऊ तास जातात. तेवढा वेळ तालुका उघडा पडतो.

खरा प्रश्न गाडीच्या आत काय घडते, हा आहे. मण्यार चावलेल्या माणसाचे श्वसनाचे स्नायू वाटेतच लुळे पडू लागतात. अशा वेळी कोणी तरी हाताने फुगा दाबून त्याचा श्वास चालू ठेवावा लागतो, आणि तोही तासन्‌तास. दीड हजार लिटरचे प्राणवायूचे सिलिंडर मिनिटाला दहा लिटर या प्रमाणात अडीच तासांत रिकामे होते. शहरातल्या वीस मिनिटांच्या प्रवासासाठी केलेली तरतूद येथे आष्टीच्या आसपासच संपावी, यात नवल नाही. प्रसूतीनंतर रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीला तर निघण्यापूर्वीच गर्भाशय आकुंचनाचे इंजेक्शन आणि शिरेतून सलाईन मिळाले पाहिजे. गाडी पळवण्याच्या घाईत ही दहा मिनिटे वाचविणे म्हणजे उलटा व्यवहार होय.

एस.टी.च्या लांब पल्ल्याच्या गाडीवर वाटेत चालक बदलतो. त्याच रीतीने भामरागडची गाडी अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत यावी, तेथे रुग्णाची पुन्हा तपासणी व्हावी आणि भरलेले सिलिंडर व ताज्या दमाचा डॉक्टर असलेल्या दुसऱ्या गाडीने त्याला पुढे न्यावे. पहिली गाडी तेथूनच माघारी फिरावी. यासाठी अहेरीला एक जादा गाडी राखून ठेवावी लागेल, आणि काही दिवस ती नुसती उभी राहील. अग्निशमन दलाचा बंबही बहुतेक दिवस उभाच असतो.